विश्लेषण : सप्ताह संपला की पोथी पुन्हा कापडात! रोजच्या ग्रंथवाचनाची सवय टिकते कशी?

औंढा नागनाथ (जि. हिंगोली) : सुगी आटोपली की मराठवाड्यातल्या गावागावांत अखंड हरिनाम सप्ताहाचे मांडव घातले जातात. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरचे भजन, संध्याकाळी हरिपाठ आणि रात्री कीर्तन. सात दिवस वीणा खाली ठेवली जात नाही. शेवटी काल्याचे कीर्तन होते, महाप्रसादाच्या पंगती उठतात आणि ज्ञानेश्वरी पुन्हा तांबड्या कापडात बांधून फडताळात जाते. ती निघते थेट पुढच्या वर्षी.

हे फक्त ज्ञानेश्वरीचे नाही. १ जानेवारीला मोठ्या उत्साहाने ‘उत्पत्ती’पासून उघडलेले बायबल फेब्रुवारीत ‘लेवीय’ या पुस्तकातल्या यज्ञबलींच्या नियमांपाशी येऊन अडते, हा अनेक ख्रिस्ती कुटुंबांचा अनुभव आहे. ग्रंथ वेगळा, श्रद्धा वेगळी, अडचण तीच. सात दिवस रोज चार-चार तास मांडी घालून बसणारा माणूस आठव्या दिवसापासून दहा मिनिटे का बसू शकत नाही? आणि बसलाच, तर जे वाचले ते डोक्यात उतरले की नुसते ओठांवरून गेले? या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत. घोळ होतो तो इथेच.

सात दिवस जमते ते कशामुळे?

सप्ताहात वाचणाऱ्याला स्वतः जवळजवळ काहीच ठरवावे लागत नाही. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, आज कुठून कुठपर्यंत वाचायचे तेही ठरलेले. व्यासपीठावरून माईकवर ओवी सुरू झाली की मांडवातले सगळे एका सुरात तीच ओवी म्हणतात. एखादा मागे पडला तर शेजारचा बोटाने ओळ दाखवतो. घरचे लोक तेवढ्यापुरती कामातून मोकळीक देतात, जेवण मांडवातच असते. सकाळी जागा रिकामी दिसली तर संध्याकाळी कुणीतरी विचारतेच, ‘तब्येत बरी आहे ना?’

आठव्या दिवशी हा सगळा सांगाडा एकदम निघून जातो. वेळ आपणच काढायची, जागा आपणच शोधायची, किती वाचायचे तेही आपणच ठरवायचे. विचारणारे कुणी नाही. माणूस तोच, श्रद्धा तीच. पण आता सगळा भार इच्छेवर. सकाळी म्हशीची धार, डबे, मुलांची शाळा, हिंगोलीची एसटी. यात इच्छा पहिल्या तीन दिवसांतच थकते.

मानसशास्त्रात यावर बराच अभ्यास झाला आहे. पीटर गोलविट्झर या संशोधकाने १९९९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. ‘मी रोज वाचीन’ हा संकल्प लंगडा असतो. ‘अमुक घडले की मी तमुक करीन’ हा संकल्प बराच जास्त पाळला जातो. म्हणजे ‘सकाळचा चहा झाला, कप विसळून ठेवला की पोथी उघडायची’. आधीच रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीच्या शेपटाला वाचन बांधायचे.

गावाकडे हे कुणी पुस्तकात वाचून केलेले नाही, पण केलेले आहे. हरिपाठ घ्या. ज्ञानेश्वर महाराजांच्या हरिपाठाचे २७ अभंग. दिवे लागले की मंदिरात चार माणसे जमतात, टाळ वाजतात, पाऊण तासाच्या आत सगळे मोकळे. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो पाठ असतो आणि पाचवीतल्या नातवालाही. दिवेलागण हा त्याचा खुणेचा क्षण आहे, मुहूर्त शोधावा लागत नाही. मराठवाड्यात ग्रंथाची सर्वांत टिकाऊ सवय कोणती असे विचारले तर पारायणाच्या आधी हरिपाठाचे नाव घ्यावे लागेल.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हे खरे का?

व्हॉट्सॲपवर हा आकडा फिरत असतो. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यातला ‘किमान’ हा शब्द वाटेत कुठेतरी गळून पडला आणि नियम तयार झाला.

प्रत्यक्ष मोजमाप झाले ते बऱ्याच नंतर. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना एकेक नवी सवय निवडायला सांगितली आणि ८४ दिवस रोज नोंद ठेवली. २०१० मध्ये छापलेल्या या अभ्यासानुसार सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने ६६ दिवस लागले. कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला २५४ लागतील असे दिसले. इथे बारकाईने पाहायला हवे : अभ्यास ८४ दिवसांचा होता, त्यामुळे २५४ हा आकडा मोजलेला नाही, आलेख पुढे वाढवून काढलेला आहे. शिवाय ९६ पैकी ३९ जणांच्याच नोंदींना तो आलेख नीट बसला. आणि सवयी होत्या फळ खाण्याच्या, पाणी पिण्याच्या, व्यायामाच्या. ओवी वाचण्याच्या नव्हे. तेव्हा ६६ हा आकडा देवघरात टांगून ठेवण्याजोगा नाही. त्यातून घ्यायची ती गोष्ट एवढीच, की काम दोन-तीन महिन्यांचे आहे, आठवड्याचे नाही.

आता आपल्याकडच्या मुदती त्याशेजारी ठेवून पाहा. सप्ताह ७ दिवसांचा, म्हणजे अभ्यासातल्या सर्वांत लवकर सवय लागलेल्या माणसाच्या १८ दिवसांपेक्षाही कमी. गुरुचरित्राचे पारायणही बहुतेक घरांत ७ दिवसांचेच. रमजानमध्ये कुराणाचे ३० पारे महिन्यात पूर्ण करण्याची पद्धत आहे, उपवासकाळात ख्रिस्ती लोक ४० दिवसांचे वाचन धरतात. आषाढी ते कार्तिकी एकादशीपर्यंतचा चातुर्मास चार महिन्यांचा. बौद्धांचा वर्षावास आषाढी पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, तीन महिन्यांचा. सवय लागण्यासाठी पुरेशा लांब अशा या शेवटच्या दोन मुदती आहेत. ‘चातुर्मासाचा नेम’ ही कल्पना ज्यांनी रूढ केली, त्यांच्याकडे आलेख नव्हता. माणसांचा अनुभव मात्र होता.

थोडक्यात, सप्ताह हा सवय लावण्यासाठी नाहीच. तो उत्सव आहे, वर्षाची उजळणी आहे. त्याने रोजच्या वाचनाचे काम करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे लग्नाच्या जेवणावर वर्ष काढण्यासारखे आहे.

या सगळ्यात औंढ्याचा काय संबंध?

‘नियमित’ आणि ‘अर्थपूर्ण’ यांतला फरक सांगणारी वारकरी परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध कथा याच गावात घडते.

संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाणारे नरसी नामदेव याच हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेव विठ्ठलाचे इतके लाडके, की देव त्यांच्याशी बोलत असे, असे चरित्रकार सांगतात. नेमात खंड नाही, भजनात खंड नाही. तरीही तेरढोकीला संतांची मांदियाळी जमली तेव्हा गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेकाचे डोके तपासले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. खट्टू झालेले नामदेव मग गुरूच्या शोधात औंढ्याला आले. नागनाथाच्या देवळात विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडलेले. नामदेव चिडले. विसोबा म्हणाले, जिथे पिंड नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. नामदेवांनी पाय फिरवले, तर जिकडे ठेवावेत तिकडे पिंड.

कथा श्रद्धेची आहे, तिला इतिहासाचा पुरावा मागण्यात अर्थ नाही. पण तिने मांडलेली अडचण आजच्या वाचणाऱ्याला नेमकी लागू पडते. रोज न चुकता करणारा माणूसही कच्चा राहू शकतो. त्याला समजावून सांगणारा, अडवणारा, प्रश्न विचारणारा कुणीतरी लागतो.

औंढ्याची दुसरी कथा वाचण्याच्या हक्काची आहे. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना मागे हटवले गेले, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, असे सांगतात. इथला नंदी देवळाच्या मागे कसा, याचे उत्तर गावकरी याच कथेने देतात. देऊळ फिरल्याचा उल्लेख शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबातही आहे. त्या ग्रंथात नामदेवांची ६१ पदे आहेत. १४३० पानांचा हा ग्रंथ शीख कुटुंबांत दोन प्रकारे वाचला जातो. अखंड पाठ साधारण ४८ तासांत, न थांबता, वाचणारे बदलत. आणि सहज पाठ, म्हणजे जमेल तसा, रोज थोडा. रोज चार पाने धरली तर ३५८ दिवस. एकाच ग्रंथासाठी उत्सवाची गती वेगळी आणि घरची गती वेगळी, हे तिथे उघडपणे मान्य केलेले आहे. शेजारच्या नांदेडला, जिथे १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी या ग्रंथालाच गुरू मानायला सांगितले, हे रोज पाहायला मिळते.

रोज किती वाचावे?

इथे थोडा हिशेब केलेला बरा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे ९ हजार. सात दिवसांत संपवायच्या तर दिवसाला जवळजवळ १२९० ओव्या. रोज चार तास बसले तरी एका ओवीच्या वाट्याला येतात ११ सेकंद. एवढ्यात ओवी म्हणून होते. तिच्यावर विचार व्हायला दुसरी वेळ शोधावी लागते.

आता उलटा हिशेब. रोज २५ ओव्या वाचल्या तर ज्ञानेश्वरी वर्षात पूर्ण होते. त्याच वेगाने पाच मिनिटे, अर्थ पाहत वाचले तर पंधरा. बरेच जण ‘रोज एक अध्याय’ असे ठरवतात आणि तिथेच फसतात, कारण अध्याय सारखे नाहीत. पाचवा अध्याय १८० ओव्यांचा, तर अठरावा सुमारे १८०० ओव्यांचा. पाचव्याच्या हिशेबाने ठरवलेला नेम तेराव्यापर्यंत आला की गुडघे टेकतो. दासबोध या बाबतीत सोयीचा : २० दशक, प्रत्येकात १० समास, एकूण २००. दिवसाला एक समास धरला तर साडेसहा महिने. तुकारामांचा गाथा साडेचार हजार अभंगांच्या आसपासचा आहे. रोज एकच अभंग वाचायचा म्हटले तर एक तप पूर्ण होऊन वर काही दिवस उरतात. तेही वाईट नाही.

बायबलमध्ये प्रॉटेस्टंट आवृत्तीत ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत. कॅथलिक आवृत्तीत ७३ पुस्तके. वर्षात संपवायचे तर रोज तीन-चार अध्याय. ही कल्पना नवी नाही. स्कॉटलंडमधल्या डंडीचे तरुण धर्मोपदेशक रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी १८४२ च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी रोज चार अध्यायांचे वेळापत्रक छापले, ते आजही जगभर वापरले जाते. पण नव्याने सुरुवात करणाऱ्याला चार अध्याय जड जातात. त्यापेक्षा एक सोपा हिशेब आहे. नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला एक अध्याय, असे ५२ आठवडे म्हणजे बरोबर २६०. शनिवार-रविवार राहिलेले भरून काढायला मोकळे. ‘नीतिसूत्रे’ हे पुस्तक ३१ अध्यायांचे आहे, म्हणून ज्या तारखेचा दिवस त्या आकड्याचा अध्याय, असे अनेक जण वाचतात. आज किती तारीख, एवढे कळले की पुरे. आणि पहिल्यांदाच वाचत असाल तर ‘उत्पत्ती’पासून ओळीने निघण्याऐवजी १६ अध्यायांच्या मार्ककृत शुभवर्तमानापासून सुरुवात केलेली बरी. गोष्ट पुढे सरकत राहते.

मराठीत बायबल आले, पण वाचले कसे गेले?

फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोल येथे छापले गेले. ते बायबलचे भाषांतर नव्हे, तर बायबलमधली कथा मराठी ओव्यांत सांगणारे पुराण. ओव्या जवळपास ११ हजार. गोव्यातल्या चर्चमध्ये रविवारी आणि सणावारी ते मोठ्याने वाचले जात असे. ओवी निवडण्यामागचे कारण उघड आहे. ऐकणाऱ्यांना पोथी ऐकायची सवय आधीपासून होती. लोकांना नवी सवय लावत बसण्यापेक्षा जुन्या सवयीत नवा ग्रंथ बसवला.

पुढे विल्यम कॅरी यांच्या सेरामपूरच्या छापखान्यातून १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत आले आणि १८११ मध्ये नवा करार. मराठवाड्यात १९व्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. पण रोजच्या वाचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे काम पंडिता रमाबाईंचे म्हणावे लागेल. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. संस्कृतच्या एवढ्या मोठ्या पंडितेने मुद्दाम साधी, बोलीजवळची मराठी वापरली, कारण वाचणाऱ्या कोण हे त्यांच्या डोळ्यांसमोर होते : नुकत्याच अक्षरे शिकलेल्या विधवा आणि दुष्काळातून आलेल्या मुली. छपाईही मिशनच्याच छापखान्यात, तिथल्याच स्त्रियांच्या हातून. १९२२ मध्ये रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ त्याच वाटेवरचे. २०२० मध्ये उस्मानाबादला भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

भाषा अवघड असेल तर सवय टिकत नाही, हे या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा दिसते. ज्ञानेश्वरीबाबतही तेच. १२९० मध्ये नेवाशाला सांगितलेली मराठी आज शिकल्या-सवरल्या माणसालाही एका वाचनात कळत नाही. एकनाथ महाराजांना १५८४ मध्येच तिची शुद्ध प्रत तयार करावी लागली होती. त्यामुळे नुसत्या मूळ ओव्यांची प्रत घेऊन बसणाऱ्याने कमीपणा न मानता सोनोपंत दांडेकरांच्या आवृत्तीसारखी सार्थ प्रत जवळ ठेवावी.

रोज वाचतो, पण लक्षात काही राहत नाही. मग?

सवयीच्या पुस्तकांत न सांगितलेली गोम इथे आहे. सवय म्हणजे विचार न करता होणारी गोष्ट. दात घासताना आपण ब्रशकडे लक्ष देत नाही, म्हणून ती सवय. आता ग्रंथवाचन असेच ‘आपोआप’ होऊ लागले तर? श्रीधरस्वामींच्या शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज म्हणणारी माणसे औंढ्यासारख्या शिवक्षेत्रात ठिकठिकाणी भेटतील. अनेकांचा तो इतका पाठ असतो, की म्हणताना मनात दुधाचा हिशेबही होऊन जातो. यात दोष कुणाचा नाही, सवय आपले काम चोख करते आहे.

म्हणून आपोआप व्हायला हवे ते बसणे. वाचणे नव्हे. चहा झाला की हात पोथीकडे जावा, इतपत काम सवयीवर सोपवावे. पोथी उघडल्यावर मात्र मुद्दाम खोळंबा घालावा लागतो. जुन्या परंपरांनी तो घातलेला आहे. वेदान्तात श्रवण, मनन, निदिध्यासन. युरोपातल्या ख्रिस्ती मठांत १२व्या शतकात ग्विगो या संन्याशाने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशा चार पायऱ्या लिहून ठेवल्या. आणि आपल्याकडे कीर्तन. कीर्तनकार दोन तासांसाठी एकच अभंग घेतो. सकाळी हजारभर ओव्या म्हणायच्या आणि रात्री एका अभंगावर दोन तास थांबायचे, ही सप्ताहाची रचना मुळात या दोन्ही गरजा ओळखूनच झालेली दिसते. घरी आल्यावर आपण पहिला भाग उचलतो आणि दुसरा विसरतो.

यालाही संशोधनाचा दुजोरा आहे. हेन्री रोएडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकाने उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदा वाचून मग न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने तपासले तेव्हा आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. घरी करायचे तर एवढेच : पोथी मिटल्यावर आज काय वाचले ते एका वाक्यात कुणाला तरी सांगायचे. सासूला, मुलाला, नाहीतर कॅलेंडरच्या रकान्यात दोन शब्द. सांगता आले नाही, तर दुसऱ्या दिवशी पुढे न जाता तोच भाग. मोठ्याने वाचण्याचाही फायदा आहे. मनात वाचलेल्यापेक्षा उच्चारलेले शब्द जास्त लक्षात राहतात, असे प्रयोगांत दिसले आहे.

वर्षावासात विहारात जे होते, ते घरी करता येईल का?

बऱ्याच अंशी येईल. मराठवाड्यातल्या गावोगावच्या बुद्धविहारांत वर्षावासाचे तीन महिने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. संध्याकाळी, शेतातून परतल्यावर. एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी शंका विचारतो. वाचणारी अनेकदा शाळकरी मुलगी असते आणि ऐकणाऱ्यांत तिची आजी. बाबासाहेबांच्या निधनानंतर, १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाची मांडणीच क्रमांक घातलेल्या छोट्या परिच्छेदांची आहे. काल कुठे थांबलो हे शोधावे लागत नाही आणि दहा मिनिटांतही एक पूर्ण मुद्दा होतो.

ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथाला हात लावू दिला गेला नाही, त्याच्यासाठी हे वाचन दिनक्रमातली एक बाब एवढेच नसते. सवयीच्या शास्त्रात याला खाना नाही, पण सवय टिकण्यामागे त्याचा वाटा मोठा आहे. आपण हे का वाचतो, याचे उत्तर त्या आजीकडे तयार असते.

दुसरे म्हणजे, तिथे वाचन एकट्याचे नसते. निजामाच्या राजवटीत, जेव्हा या भागात शाळा तुरळक होत्या, तेव्हाही श्रावणात ‘पोथी लावली’ जायची ती याच पद्धतीने. वाचता येणारा एक, ऐकणारे वीस. आता प्रत्येकाला वाचता येते आणि म्हणून प्रत्येक जण एकटा वाचायला बसतो. घरातल्या दोघांनी आठवड्यातून तीन दिवस जरी एकत्र वाचले, तरी विचारणारे माणूस परत मिळते.

मोबाईलवर वाचले तर चालते का?

चालते, पण दोन अटींवर. ग्रंथ सहज मिळतो ही मोबाईलची बाजू भक्कम आहे. यूव्हर्जन हे बायबलचे ॲप २००८ पासून आहे, त्यात मराठी बायबल ऐकताही येते. ज्ञानेश्वरी, गाथा, दासबोध हेही फोनवर मिळतात. एसटीत उभ्याने प्रवास करणाऱ्याला अडीच किलोची पोथी नेता येत नाही. अक्षर मोठे करता येते, हे साठीपुढच्या वाचकाला विचारा.

अडचण शेजाऱ्यांची आहे. ओवीच्या वर नोटिफिकेशन येते आणि पंधरा सेकंदांत माणूस क्रिकेटच्या स्कोअरवर. औंढा तालुक्यातच, दुधाळा परिसरात, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. २०२३ मध्ये केंद्राने तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. अशा वेधशाळेसाठी गजबजाटापासून दूरची जागा शोधावी लागते, कारण क्षीण संकेत आजूबाजूच्या धक्क्यांत हरवतो. वाचताना पंधरा मिनिटे फोन फ्लाइट मोडवर टाकायला त्या मानाने काहीच खर्च नाही. ग्रंथ आधी डाउनलोड केलेला असावा, ही पहिली अट.

दुसरी अट ॲपमधल्या ‘सलग दिवस’ मोजणाऱ्या आकड्याची. तो सुरुवातीला हुरूप देतो. पण ७३ दिवसांची साखळी एका लग्नात तुटली की आकडा शून्यावर येतो आणि अनेकांचे वाचनही. तो आकडा बंद करता आला तर करावा. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणारे गुलाबाच्या फुलावरचे वचन म्हणजे वाचन नव्हे, हे वेगळे सांगायला नको. ते पुढे पाठवण्याचीच सवय जास्त लागते.

खंड पडला तर काय?

पडणारच. घरात आजारपण येते, हळद शिजवण्याचे दिवस येतात, महाशिवरात्रीला औंढ्यात पाहुण्यांनी घर भरते. लॅली यांच्या अभ्यासातला लोक फारसा न सांगणारा निष्कर्ष इथे उपयोगी आहे : एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यावर लक्षणीय परिणाम होत नाही. मोडते ते चुकलेल्या दिवसामुळे नाही, तर थकबाकीमुळे. चार दिवस राहिले म्हणून पाचव्या दिवशी १२५ ओव्या वाचायला बसायचे, ते जमले नाही की सहाव्या दिवशी १५०, आणि मग पोथीकडे पाहणेच नको होते. वेळापत्रकात तारखा छापलेल्या असतील तर हा धाक आणखी वाढतो. म्हणून तारखांऐवजी नुसते क्रमांक असलेले वेळापत्रक बरे. पोथीत मोरपीस जिथे ठेवले असेल तिथून पुढच्या २५ ओव्या, आज मंगळवार असो की शुक्रवार. वर्षाऐवजी चौदा महिने लागले, तर चौदा महिने.